महुआखेऱ्याचं जेवण

"काका, आम्हाला हॉटेल नको," इंदिरा फोनवर म्हणाली, आणि मी तिथेच फसलो.

इंदिरा माझ्या चुलतभावाची मुलगी. पुण्यात असते आणि लोकांना सहलीला नेते. आता सहल म्हटल्यावर बस, भेंड्या आणि चिवड्याची पिशवी असं काही डोळ्यांसमोर आलं असेल तर ते पुसून टाका. हिच्या सहलीत माणसं एखाद्या गावात जातात, नदी, झाडं, पाखरं बघतात, गावातल्या बायकांच्या हातचं जेवतात, आणि त्याचे पैसे मधल्यामध्ये कुणी न खाता त्या बायकांच्याच हातात पडतात. असे चौदा पुणेकर मार्चमध्ये झाशीला येणार होते. सकाळी शहर, मग बेतवाकाठचं एखादं गाव, आणि गावातच जेवण. "तुमच्या ओळखीचं एखादं गाव असेल ना हो काका?" तिनं विचारलं.

ज्याचं घराणं सव्वादोनशे वर्षं झाशीत आहे त्याला हे विचारतात का? मी म्हणालो, "एखादं? अगं, तू नाव घे, मी नेतो." खरं सांगायचं तर मी बत्तीस वर्षं पाटबंधाऱ्यांचे नकाशे काढत बसलो. गावं मला कागदावर तोंडपाठ होती, पण त्यातल्या एकाही गावात कुणाच्या ओसरीवर मी टेकलो नव्हतो. हे काही फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत बातमी नगऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, पसरली आणि सल्लागार मंडळ आमच्या अंगणात हजर झालं. मंडळात दोन सभासद. एक अनंतराव, आमच्यासारखेच जुने झाशीकर, कोर्टात पेशकार, म्हणजे कारकून, होते. जगातली कुठलीही अडचण अर्जाने सुटते अशी त्यांची श्रद्धा. दुसरे सुभेदार जयसिंग, मूळचे साताऱ्याकडचे. बबीन्याच्या छावणीत नोकरी झाली, हवा मानवली, इथेच घर बांधून राहिले.

"आधी अर्ज," अनंतराव म्हणाले. "नदीला जायची वाट जंगलातून आहे. जंगल आलं म्हणजे खातं आलं."

"आधी रेकी करा साहेब," जयसिंग म्हणाले. "जागा न बघता पलटण हलवायची नसते."

"आधी मला विचारा," आतून शारदा म्हणाली. शारदा माझी बायको. "खंडेराव गेटपाशी बोरं विकायला बसते ना ती हरकुँवर, ती महुआखेऱ्याची आहे. बेतवेला लागूनच गाव."

बत्तीस वर्षांच्या नकाशांनी जे जमलं नाही ते बोरांच्या घासाघिशीने जमलं. मी मात्र मंडळाला असं सांगितलं की महुआखेरा माझ्या मनात होतंच.

पुढच्या रविवारी शारदा आणि मी रेकीला गेलो. गाव सुरेख. पळस नुकता फुलायला लागला होता, पलीकडच्या कड्यावर गिधाडांची घरटी, आणि मध्ये बेतवा. हरकुँवर आणि तिच्या पाच जावा-शेजारणी आमच्यापुढे चहा घेऊन अशा बसल्या की जणू चौदा पानं आत्ताच वाढायची आहेत. अडचण एकच होती, ती म्हणजे तिचे सासरे. अख्खं गाव त्यांना दद्दा म्हणतं. घरच्या सुनांनी परक्या लोकांसाठी भाकऱ्या थापून पैसे घ्यायचे हे दद्दांना पसंत नव्हतं. त्यांनी हातातली बिडी संपवली. मग म्हणाले, "एक बेर. नोंनो भओ तो आगें देखबी." म्हणजे एकदा करून बघा, चांगलं झालं तर पुढचं पुढे.

निघताना हरकुँवरने शारदेला बाजूला घेतलं. हे जमलं तर, ती म्हणाली, उन्हातान्हात डोक्यावर टोपली घेऊन झाशीला येणं सुटेल, पोरांकडे बघता येईल. एकदाच मिळणार आहे अम्मा, नीट होऊ द्या. शारदेचं काळीज हललं. आता आमच्याकडची बाई काळीज हललं की काय करते? ओटी भरते. शारदेच्या पिशवीत कुंकवाचा करंडा, नारळ आणि पुण्याहून आलेला एक खण कायम तयार असतो, शिवाय मूठभर तांदूळ. तिनं हरकुँवरला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं आणि खणानारळाने ओटी भरली. अंगणातल्या म्हाताऱ्या जवळ सरकल्या. हरकुँवरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. एका म्हातारीने मला विचारलं, "मोड़ी बना लई का?" मुलगी करून घेतलीत की काय? मी छाती पुढे काढून म्हणालो, "अरे, हरकुँवर तो हमारी ही बेटी है." असं आपण म्हणतोच की. दुधवाल्याला भाऊ म्हणतो, कंडक्टरला मामा म्हणतो. कंडक्टर काही दिवाळीला साडी घेऊन येत नाही.

मग परवानगी. जंगलखात्याच्या कचेरीत मला एक छापील अर्ज मिळाला. त्यात 'उद्देश' असा रकाना होता आणि पुढे तीनच पर्याय होते: सरपण, चराई, शोधकार्य. मी बाबूला म्हटलं, आम्हाला फिरायचं आहे. तो म्हणाला, "घूमना कोई उद्देश नहीं होता, भाईसाहब." मी त्याला संस्कृती, निसर्ग, गावचा विकास असं सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि चराईवर बोट ठेवून विचारलं, "कितने पशु हैं?"

तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीआधी अनंतराव म्हणाले, "शोधकार्य लिहा. विषय गिधाडं. गिधाडं काही उलट अर्ज करत नाहीत." मी लिहिलं, दहा मिनिटांत शिक्का पडला आणि चौदा पुणेकर गिधाडांचे संशोधक झाले. त्या दिवशी अनंतरावांनी आमच्याकडे दोनदा चहा घेतला आणि दोन्ही वेळा तो हक्काने मागून घेतला.

तारीख पक्की करायला मी एकटाच महुआखेऱ्याला गेलो. दुपारची वेळ, मार्चचं ऊन, बस फाट्यावर सोडते, तिथून दीड कोस चाल. दद्दांनी उठून मिठी मारली, "आओ समधी साब" म्हणाले, खाटेवर नवी चादर अंथरली, पंख्याने वारा घातला. समधी म्हणजे व्याही. मला वाटलं, लाडाने म्हणतात. आपण जावईबापू म्हणतो तसं. पण एक तास झाला, दीड तास झाला, चहा राहू द्या, साधं पाणी कुणी विचारलं नाही. घसा कोरडा पडला. मी दोनतीनदा खाकरलो, दद्दांनी प्रेमाने पाठ थोपटली. शेवटी मी फाट्यावर येऊन हापशाला तोंड लावलं. बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला पाण्यालाही विचारू नये? मला फार लागलं ते.

"भाव वाढवायचा विचार दिसतोय त्यांचा," जयसिंग म्हणाले.

"लेखी करार करून घ्या," अनंतराव म्हणाले.

"तुम्ही काहीतरी बोलला असाल," शारदा म्हणाली. आमच्या घरात चौकशी नेहमी या दिशेनेच सुरू होते.

सहलीचा दिवस उजाडला. सकाळी सहाला खंडेराव गेटपाशी चौदा पुणेकर आणि इंदिरा उभी. शारदाही बरोबर होती. मी धोतर नेसून गेलो होतो, म्हटलं संस्कृती दिसू द्या. व्याख्यान चांगलं पाठ केलं होतं. पहिलंच वाक्य टाकलं, "शहर बघून झालं की मी तुम्हाला बसपाशी मिळतो," तर पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "भेटतो." मी म्हटलं, "काय?" "माणसं भेटतात, पैसे मिळतात," त्या म्हणाल्या. त्या भानुमतीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. आठ पिढ्या हिंदीच्या गराड्यात राहून आम्ही मराठी टिकवली याबद्दल एक शब्द नाही, थेट लाल शाई. नंतरच्या दोन तासांत मी वाक्यं मनातल्या मनात तपासून बोलत होतो, त्यामुळे अर्धा इतिहास राहून गेला.

जंगलाच्या नाक्यावर पहारेकरी भेटला. वयस्कर, चष्मा लावलेला, कर्तव्यदक्ष माणूस. अशी माणसं नेमकी आपल्या वाट्याला येतात. त्यानं परवानगी वाचली, सगळ्यांना नमस्कार केला आणि एक रजिस्टर पुढे केलं. शोधकार्य आहे तर गिधाडांची गिनती करून, आकडा लिहून, सह्या करून जा. इतकी वर्षं शोधकार्यासाठी कुणी आलंच नव्हतं, त्याचं रजिस्टर कोरं होतं. त्याचा आनंद बघून नाही म्हणवेना.

चौदा माणसं नदीकाठी ओळीने उभी राहिली आणि समोरच्या कड्यावरची गिधाडं मोजू लागली. मोजून होत आली की एखादं उडायचं, त्याच्या मागे चार उडायची, की पुन्हा पहिल्यापासून. कुणाची सत्तावीस भरली, कुणाची एकतीस. भानुमतीबाईंची एकोणतीस झाली, पण त्यातलं एक घार आहे असं त्यांचं मत पडलं आणि दुसऱ्या कुणाच्या आकड्याखाली सही करायला त्यांनी साफ नकार दिला. पहारेकऱ्याला तो बाणेदारपणा फार आवडला. अडीच तास गेले. बरोबरचे पाण्याचे शिसे, म्हणजे बाटल्या, संपल्या. जेवण बाराला ठरलं होतं, आम्ही गावात पोचलो तेव्हा अडीच वाजले होते.

गावाने मात्र आमचं स्वागत असं केलं की मी सगळं विसरलो. वेशीवर ढोलक, रमतूला नावाची तुतारी, झेंडूचे हार. दद्दा नवा साफा बांधून सामोरे आले. आम्हाला सगळ्यांना अंगणात खाटांवर बसवलं. समोर पंगत मांडलेली होती, पत्रावळी लागल्या होत्या. चुलीकडून गोवरीवर भाजलेल्या गकरियांचा, म्हणजे जाड रोट्यांचा, वांग्याच्या भरताचा आणि कढीच्या फोडणीचा वास येत होता. पुणेकर सरसावून बसले. मग गावातले चाळीसएक पुरुष आले, हात धुतले आणि त्या पत्रावळींवर जाऊन बसले.

आम्हाला वाटलं, पहिली पंगत त्यांची असेल. पण दुसऱ्या पंगतीची काही तयारी दिसेना. पाणीही कुणी देईना. इंदिरा माझ्या कानाशी म्हणाली, "काका, आपली पानं कुठायत?"

मी दद्दांना हळूच विचारलं. दद्दांनी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "समधी साब, हम मरजाद जानत हैं. मोड़ी के घर को पानी तुमें कैसें पिआ दें?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इकडे लेकीच्या सासरी आईबाप पाणीसुद्धा पीत नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या शेजारचे मिश्रजी मुलीकडे गेले तर स्टेशनवर जेवून येतात. पण ती त्यांची रीत, आपला काय संबंध, असं मी धरून चाललो होतो. आणि इथे शारदेने चार लोकांत ओटी भरली होती, मी चार लोकांत बेटी म्हटलं होतं. गावाने ते खरं धरलं होतं. माझ्याबरोबर आलेले चौदा जण म्हणजे हरकुँवरचं माहेर. दद्दा सांगत होते, तिचे आईबाप गेले, भाऊ नाही. बारा वर्षांत तिच्या माहेरचं म्हणून एक माणूस या वेशीवर आलं नाही. आज एकदम सतरा जण आले. गावाने त्या आनंदाचं जेवण केलं होतं, आणि ते रीतीप्रमाणे गाव जेवणार होतं.

"आमच्यात नातवंड झालं की लेकीकडे जेवतात," भानुमतीबाई तत्परतेने म्हणाल्या. "हिला तर दोन मुलं आहेत." मी ते हिंदीत सांगितलं. दद्दांनी विचार केला, दोन म्हाताऱ्यांशी बोलले आणि मान हलवली. तुमच्यात असेल, पण मोड़ी आता आमच्यातली आहे.

"काका, सांगून टाका ना, गैरसमज झाला म्हणून," इंदिरा म्हणाली. "नाही जेवलो तर मी पुढचे ग्रुप इथे कसे आणू? त्यांचंच नुकसान आहे."

तिचं बरोबर होतं. हरकुँवरला एकच संधी मिळाली होती आणि ती माझ्या एका वाक्यावर अडली होती. मी उठून उभा राहिलो, घसा साफ केला. चुलीच्या खोलीच्या दाराशी हरकुँवर उभी होती, हनुवटीपर्यंत घुंगट ओढून. शारदेने दिलेल्या खणाचं पोलकं तिने अंगात घातलं होतं. सासऱ्यापुढे सुनेने बोलायचं नाही, म्हणून ती काही बोलत नव्हती, पण तोंड शारदेकडे वळलेलं होतं. मी गैरसमज म्हणालो असतो तर जेवण झालं असतं, पुढची कामंही मिळाली असती, आणि सगळ्या गावासमोर ती पुन्हा बिनमाहेरची झाली असती.

"तसलं काही बोललात तर बघा," शारदा माझ्या मागून हळू आवाजात म्हणाली. तिला सांगायची गरज नव्हती. माझ्याच्याने ते होणारच नव्हतं.

मग मला सुचलं. आयुष्यात मला एवढं वेळेवर कधी काही सुचलेलं नाही.

"दद्दा," मी म्हणालो, "हरकुँवर हमारी बेटी है. मैं और मेरी घरवाली यहाँ पानी नहीं पिएँगे. लेकिन ये लोग हमारे कोई नहीं लगते."

 दद्दांनी पुणेकरांकडे बघितलं. "बोली तो एकै है," ते म्हणाले.

मी भानुमतीबाईंकडे बघितलं. त्या लगेच उठल्या आणि शाळेतल्या खड्या हिंदीत म्हणाल्या, या गृहस्थांना आम्ही आज सकाळी सहा वाजता पहिल्यांदा पाहिलं. यांचं आमचं नातं नाही, गोत्र नाही, जाणंयेणं नाही, आणि यांची बोलीही आमची नाही. बाकीच्या तेरा जणांनी जोरजोरात माना हलवल्या. इतक्या जोरात हलवायची काही आवश्यकता नव्हती असं मला आजही वाटतं. सकाळपासून त्यांच्यासाठी घसा फोडला होता मी.

"और जा मोड़ी?" दद्दांनी इंदिरेकडे बोट केलं. "जा तो तुमें काका कहत है." ही तर तुम्हाला काका म्हणते.

इंदिरेच्या आजोबांनी आणि माझ्या वडिलांनी एका ताटात जेवून दिवस काढले. तिच्या बारशाला मी झाशीहून चांदीचा वाळा घेऊन गेलो होतो. इंदिरेने चुलीकडे एकदा पाहिलं, डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाली, "काका तो हम सबको बोलते हैं जी."

दद्दांनी मान डोलावली. गावकरी पत्रावळींवरून उठले, पुणेकर बसले. परक्यांचं जेवण होतं, त्यामुळे परक्यांनी पैसे द्यायलाही आता हरकत राहिली नाही.

आम्हा दोघांना वेशीबाहेर एका झाडाखाली खाट टाकून दिली. तिथून पलीकडची हद्द दुसऱ्या गावाची, तिथला हापसा आम्हाला चालत होता. पाणी पिऊन आम्ही बसलो. थोड्या वेळाने दद्दाही काठी टेकत आले आणि खाटेच्या कडेला बसले. व्याही उपाशी असताना त्यांनी जेवणं रीतीत बसत नव्हतं. अंगणातून वाढण्याचे आवाज येत होते. कुणी बरे, म्हणजे वडे, मागत होतं, कुणी कढी. भानुमतीबाईंचा आवाज आला, "अजून एक गकरिया, आणि तो मोहाचा गोड लाटा कसा करतात ते लिहून द्या मला." दद्दांच्या पोटात गुडगुडलं. माझ्या पोटाने त्यांना उत्तर दिलं. आम्ही दोघांनी बेतवेकडे बघितलं.

तासाभराने हरकुँवर आली. हातातल्या नोटा तिने सासऱ्यांच्या पायाशी ठेवल्या. दद्दांनी त्या उचलून परत तिच्या ओंजळीत घातल्या. "तुमाए आएँ," ते म्हणाले. तुझ्या आहेत. मग काही वेळ त्यांनी पागोट्याचं टोक चाचपलं आणि दुसरीकडे बघत मला विचारलं, "जे लोग फिर कबै आहैं?" ही माणसं परत कधी येणार?

शारदेने माझा हात इतका घट्ट दाबला की अंगठी रुतली.

निघायच्या वेळी हरकुँवर शारदेच्या गळ्यात पडली आणि रडायला लागली. साधं रडणं नव्हे. माहेरचं माणूस परत निघालं की इकडे लेकी गळ्यात पडून, सुरात, सगळं सांगत रडतात. बारा वर्षांचं तिला एकदम सांगायचं होतं. शारदेला ती रीत येत नव्हती, पण तिलाही रडू आवरेना. दद्दांनी मला खूण केली. इकडे बाप लेकीच्या पाया पडतो. मी वाकलो, धुळीतल्या त्या भेगाळलेल्या पावलांना हात लावला, आणि मला रडू आलं. पोटात अन्न नव्हतं म्हणून आलं असेल, असं अनंतरावांचं मत आहे. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

आता इंदिरा दर हिवाळ्यात चारपाच ग्रुप पाठवते. मी त्यांना शहर दाखवतो, कडा दाखवतो, महुआखेऱ्यात पोचवतो. हरकुँवर आता खंडेराव गेटला बसत नाही, तिच्या हाताखाली अकरा बायका आहेत. जेवून आलेली माणसं सांगतात की असं जेवण त्यांनी कुठे खाल्लं नाही. मी वेशीबाहेर शारदेने बांधून दिलेला डबा खातो आणि हापशाचं पाणी पितो.

परवा जयसिंगांनी विचारलं, "साहेब, इतक्यांदा जाता, तिथलं जेवण असतं तरी कसं?"

मला काय ठाऊक. पण माझ्या लेकीच्या हातचं आहे, चांगलंच असणार.